श्रद्धांजलीला चार मिनिटांत उत्तर

बावीस वर्षं मी शिव्या खाण्याचा पगार घेतला. शिरूरच्या एका कंपनीत तक्रार विभाग सांभाळत होतो. कंपनी गायी-म्हशींचं दूध काढायच्या मशीन बनवते. तिचं नाव सांगत नाही, कारण शेठ हयात आहेत आणि दिवाळी अंक वाचत नसले तरी आपलं नाव कुठं छापून आलंय का एवढं ते प्रत्येक अंकात चाळून बघतात.

संपादकांचा फोन आला, "तांबोळी, ग्राहकसेवेतले काही प्रेरणादायी अनुभव लिहा." प्रेरणा हवी असेल त्यांनी सरळ राशिभविष्याचं पान उघडावं, तिथं ती घाऊक मिळते. माझ्याकडं फार तर एक चूक आहे, आणि ती इतकी चोख आहे की ती करायला माणूस हुशारच लागतो.

आधी धंदा समजावून सांगतो. दूध काढायची मशीन म्हणजे एक हवा ओढणारा पंप, दुधाचा डबा, सडांना लावायचे चार कप आणि डब्याच्या झाकणावर बसवलेला मुठीएवढा पल्सेटर. वासरू जसं चोखतं आणि सोडतं, तशी दाब-सोड हा पल्सेटर करतो. तो टक-टक वाजतो. मिनिटाला साठच्या आसपास ठोके पडले की गाय समाधानी, मालक समाधानी आणि आम्ही चहा प्यायला मोकळे. ठोके चुकले की गाय लाथ मारते. गाय मालकाला मारते आणि मालक आम्हाला, एवढाच फरक.

पूर्वी तक्रारीसाठी एक मोबाईल होता. साधा, बटणांचा. तो माझ्या टेबलावर असायचा आणि त्याचा नंबर प्रत्येक मशीनवर पत्र्याच्या पट्टीवर ठोकलेला असायचा. शेतकऱ्याचा फोन आला की मी नाव-गाव विचारायचो आणि म्हणायचो, "फोन पल्सेटरजवळ धरा." मग डोळे मिटून ऐकायचो. ठोके मंद असले तर स्क्रू ढिला. ठोक्यामागं फुसफुस आली तर रबर चिरलेलं. दोन ठोके पडून तिसरा गिळला तर हवेच्या भोकात कचरा. "झाकण काढा. सुई घ्या, नको, सुई नको, दाभण घ्या. भोक साफ करा. आता स्क्रू अर्धा फेरा उजवीकडं. हां, आता ऐका." पलीकडून टक-टक नीट आली की शेतकरी गोठ्यातूनच ओरडायचा, "झालं की वो भाई!" दहातल्या सहा तक्रारी अशा फोनवर मिटायच्या. कुणाला गाडी पाठवावी लागत नव्हती. कंपनीत मला ‘डॉक्टर’ म्हणायचे. पगार मात्र कंपाउंडरचा होता.

हे असं सुखानं चाललं होतं, तोवर कुणीतरी आम्हाला इंटरनेटवर एक स्टार दिला.

शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. "हे एक चांदणी म्हंजे काय?"

"पाचपैकी एक दिली शेठ."

"दिली ना पण? मग रडता कशाला?"

त्यांच्या मुलानं त्यांना समजावून सांगितलं. ते समजल्यावर शेठ दोन दिवस जेवले नाहीत, असं त्यांचा ड्रायव्हर सांगायचा. जेवले असतील, पण सांगण्यासारखं नसेल. तिसऱ्या दिवशी पुण्याहून रुचा मॅडम आल्या. त्या कंपन्यांना सोशल मीडियावर कसं वागावं हे शिकवतात. हा एक धंदा आहे आणि त्यात चांगले पैसे आहेत, हे मला साठीला टेकल्यावर कळलं, याचं वाईट वाटतं.

मॅडम वाईट नव्हत्या. चहा स्वतः उठून घ्यायच्या. त्यांनी तीन गोष्टी शिकवल्या. पहिली, तक्रार आली की पंधरा मिनिटांच्या आत उत्तर गेलंच पाहिजे, मग ते उत्तर असो वा नसो. दुसरी, उत्तरात सहानुभूती पाहिजे. ती त्यांनी तयारच करून आणली होती, तीन मापांत. किरकोळ तक्रारीला नमुना एक, संतापलेल्याला नमुना दोन, आणि ज्याच्या पोस्टवर गर्दी जमलीय त्याला नमुना तीन. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: गिऱ्हाईक चावडीवर ओरडत असेल तर त्याला हळूच हाताला धरून इनबॉक्समध्ये आणायचं. तिथं तो किती का ओरडेना.

मला यातलं काही नवं वाटलं नाही. आमच्या गावचे पुढारी हेच करतात, फक्त ते इनबॉक्सला ‘जरा बाजूला या’ म्हणतात.

ऑफिसच्या भिंतीवर एक टीव्ही लागला. त्यावर फेसबुकवरच्या तक्रारींना सरासरी किती मिनिटांत उत्तर गेलं तो आकडा दिसायचा. मराठीत झरझर टाइप करणारा ऑफिसात मी एकटाच, म्हणून पेज माझ्याकडं आलं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. आकडा चौदावरून नऊवर आला, नवावरून सहावर. शेठ पाहुण्यांना तो टीव्ही दाखवायचे. माझा फोटो चौकटीत लागला, खाली लिहिलं होतं ‘तत्पर कर्मचारी’. बायको म्हणाली, "घरात हाक मारली तर तासानं ओ देता, ते सांगितलं का त्यांना?"

फोनवरच्या तक्रारी मात्र त्या टीव्हीवर मोजल्या जात नव्हत्या. एका शेतकऱ्याचा पल्सेटर फोनवर ऐकायला वीस मिनिटं लागायची, आणि तेवढ्यात भिंतीवरचा आकडा सहाचा आठ व्हायचा. एक दिवस मी तो बटणांचा मोबाईल मुका केला आणि चार्जिंगला लावून ड्रॉवरमध्ये ठेवला. मला कुणी सांगितलं नव्हतं, माझं मीच केलं. आठवड्यातून एकदा बघू, असं मनाशी म्हणालो. म्हणायला काय जातं?

फेसबुकवरची गिऱ्हाइकं बाकी गमतीची. एका ढाबेवाल्याचा यवतजवळ चार म्हशींचा गोठा होता. त्यानं आम्हाला आईबहिणीवरून लिहिलं आणि वर पाच स्टार ठोकले. शेठनी त्याची प्रिंट काढून, मजकूर कापून, फक्त चांदण्या फ्रेम केल्या. मी त्या गृहस्थाला इनबॉक्समध्ये विचारलं, "पाच का दिले?"

त्याचं उत्तर आलं, "तक्रार मोठी हाय म्हनून. एक देऊन कोन विचारतंय का?"

त्याचं बरोबरच होतं. या सगळ्या व्यवस्थेत मोठ्यानं ओरडणाऱ्याचंच काम आधी होतं, हे त्याला आमच्याआधी कळलं होतं. फेसबुकवर बोंबललेल्याच्या गोठ्यात दुसऱ्या दिवशी आमची गाडी उभी असायची. फोन करून वाट बघत बसणारा शेतकरी वाटच बघत बसायचा. सभ्य होता बिचारा, म्हणून मागं राहायचा.

मग कासुर्डीच्या एका पोरानं कमाल केली. आमच्याकडं माणूस गेला की गावात फ्लेक्स आणि मोबाईलवर श्रद्धांजलीचं पोस्टर तासाभरात तयार असतं. वर फोटो, भोवती हार, खाली दहाव्याची तारीख. या पठ्ठ्यानं आमच्या बंद पडलेल्या मशीनचा फोटो काढला, त्याला हार घातला आणि पोस्टर केलं: ‘आमचे लाडके दूधयंत्र यांचे अल्पशा वापराने दुःखद निधन. दशक्रिया विधी येत्या शनिवारी कंपनीच्या गेटवर. कावळ्यांनी वेळेवर उपस्थित राहावे.’ खाली आमच्या पेजचं नाव जोडलेलं.

संध्याकाळपर्यंत ते दौंड आणि शिरूर तालुक्यांच्या प्रत्येक ग्रुपवर फिरलं. लोकांनी खाली गंभीरपणे ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं. एकानं ‘कारखान्याच्या संचालक मंडळातर्फे’ असंही लिहिलं. शेठनी नवी मशीन त्याच संध्याकाळी त्याच्या दारात उतरवली.

झालं. पंचक्रोशीला कळलं की मशीन दुरुस्त करून घ्यायची असेल तर आधी तिला मारावं लागतं. आठवडाभरात आमच्याकडं मशीनचे निधन, पंपाचे आकस्मिक निधन, पाइपाचे तरुणपणी झालेले निधन, असा नुसता सुतकाचा सुकाळ झाला. रुचा मॅडमनी तातडीची बैठक घेतली आणि नियम केला: ‘श्रद्धांजली’ हा शब्द आणि आपल्या पेजचं नाव एकत्र दिसलं की ती गर्दी खेचणारी तक्रार समजायची. नमुना तीन, लगेच, वाचत न बसता.

‘वाचत न बसता’ हे त्यांचे शब्द आहेत. पण ते मला ऐकायला गोड लागले, तेव्हा दोष त्यांच्या एकटीवर घालत नाही.

एका मंगळवारी सकाळी कॉम्प्युटरवर सूचनेची घंटी वाजली. श्रद्धांजली, आमच्या पेजचं नाव, आणि छोट्या चौकोनात आमच्या मशीनचा लाल डबा आणि कंपनीचं चिन्ह. मी नमुना तीन चिकटवला: ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. अठ्ठेचाळीस तासांत दुरुस्त करून अथवा बदलून देऊ. कृपया आपला मोबाईल नंबर इनबॉक्स करा.’ पुढं हात जोडल्याचं चित्र. भिंतीवर आकडा उमटला, चार मिनिटं. तो आमचा विक्रम होता. मी चहा मागवला.

चहा येईपर्यंत खाली शंभरावर उत्तरं आली होती. ‘माणूस बदलून देणार का?’ ‘वॉरंटीत होते का आप्पा?’ ‘जुना देऊन नवा, दिवाळी ऑफर.’ तेव्हा मी चौकोन मोठा करून बघितला.

मशीनशेजारी एक म्हातारा हसत उभा होता. डोक्याला टोपी, एक हात डब्यावर, जसा नातवाच्या खांद्यावर ठेवावा तसा. खाली नाव होतं, बबनआप्पा. यवतहून उत्तरेला, नदीकडच्या एका वाडीतले. मशीन बसवली त्या दिवशी आमच्या डीलरनं तो फोटो काढला होता आणि आमच्याच पेजवर टाकला होता. आप्पांचा एकट्याचा हसरा फोटो घरात दुसरा नव्हता. म्हणून पुतण्यानं तोच घेतला, आणि फोटो ज्यांचा त्यांचं नाव घालावं या सरळ माणुसकीनं आमचं पेज जोडलं. त्या पुतण्यानं, संदीपनं, खाली एकच ओळ लिहिली होती: ‘तुमी मानसं हाय का कोन?’

मी उत्तर पुसलं. पण पुसलेल्या गोष्टींचे फोटो काढून ठेवणारे लोक कधी झोपत नाहीत. दुपारी माझी बायको ज्या भिशीच्या ग्रुपमध्ये आहे, तिथंही ते येऊन पोचलं.

शेठ, मॅडम आणि मी, अशी तिघांची बैठक बसली. मॅडम म्हणाल्या, "हे संकट आहे, पण संकट ही संधी असते." शेठना संधी हा शब्द आवडला. ठरलं ते असं: मी आप्पांच्या दहाव्याला जायचं, कुटुंबाची माफी मागायची, संदीपला पोस्ट काढून टाकायला लावायचं, आणि वातावरण बरं असेल तर घरच्यांकडून चार शब्दांचा व्हिडिओ घ्यायचा, ‘कंपनीनं दखल घेतली’ म्हणून.

"दहाव्यात व्हिडिओ?" मी विचारलं.

"वातावरण बरं असेल तर म्हटलं ना," शेठ म्हणाले.

वर त्यांनी एक फ्लेक्स करून दिला: ‘स्व. बबनआप्पांना कंपनी परिवारातर्फे भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि खाली कंपनीचं चिन्ह आप्पांपेक्षा मोठं. न्हावरा, चौफुला करत मी निघालो तेव्हा तो मागच्या सीटवर गुंडाळून पडला होता. मी तो जाताना काढला नाही आणि येतानाही काढला नाही.

मला नोकरीची भीती नव्हती. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं, आणि शेठ मला काढून टाकतील तर टाइप कोण करणार? पण त्या घरासमोर उभं राहायचं होतं. रागानं दोन थोबाडीत बसल्या असत्या तर बरं, असं वाटत होतं. ती सोय झाली नाही.

नदीकाठच्या घाटावर तीनेकशे माणसं होती. प्रवचन झालं. मग नेहमीप्रमाणं माईकवर श्रद्धांजल्या सुरू झाल्या. आमच्याकडं दहाव्याला मेलेल्या माणसाबद्दल दोन वाक्यं आणि आलेल्या पुढाऱ्यांबद्दल दहा, असा भाव आहे. मी मागं उभा होतो. गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र मी खिशात घातलं होतं, तरी संदीपनं गाडीवरचं नाव वाचलं. तो माझ्याजवळ आला, मला नीट बघून घेतलं आणि जाऊन माईकवाल्याच्या कानाशी लागला. माईकवाल्यानं लगेच पुकारलं, "आन् शिरूरवरनं खास आलेले कंपनीचे मोठे साहेब, तेबी दोन शब्द बोलतील!"

मी बावीस वर्षांत तीन हजार वेळा दिलगिरी व्यक्त केली असेल. माईक हातात आल्यावर एकही नमुना आठवला नाही. "चूक आमची झाली. न वाचता उत्तर दिलं. आप्पांची आणि घरच्यांची माफी मागतो," एवढं म्हणून खाली उतरलो. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, एवढी लाज लोकांनी राखली.

पिंड ठेवला. कावळे झाडावर बसलेले, पण खाली येईनात. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मुलीनं हात जोडून सांगितलं, "आप्पा, आईला मी बघीन." कावळा हलला नाही. संदीप म्हणाला, "आप्पा, बांधाची भांडणं आमी मिटवतो." तरी नाही. भावकीतल्या एकानं तर देवळाच्या कळसाची वर्गणीही कबूल केली. मग आप्पांच्या बरोबरीचे एक म्हातारे काठी टेकत पुढं आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "आरं, तुमी काय बी कबूल करताय. त्याचा जीव त्या मशिनीत आडकलाय. दीड म्हैना बंद हाय ती. कुठं हाय तो कंपनीवाला?"

तीनशे माणसांनी माना वळवल्या. मी कब्रस्तानात फातिहा म्हणणारा माणूस; पिंडासमोर हात कसे जोडायचे हेही मला नीट माहीत नव्हतं. पण जोडले. "आप्पा, तुमची मशीन आज नीट करून देतो. आजच, गोठ्यात जाऊन," म्हणालो.

त्यानंतर थोड्या वेळानं एक कावळा उतरला आणि शिवला. भुकेनं उतरला असेल, किंवा झाडावर बसून कंटाळला असेल. गावानं मात्र तो निकाल धरला. आमच्या भिंतीवरच्या टीव्हीपेक्षा ती व्यवस्था मला जास्त कडक वाटली: तक्रार मिटल्याशिवाय कावळा हलत नाही, आणि त्याला इनबॉक्समध्ये नेता येत नाही.

मी त्यांच्या मागोमाग वस्तीवर गेलो. पोस्ट काढण्याचा विषय मी काढलाच नाही. संदीपनं गोठा दाखवला आणि तो पाहुण्यांचं बघायला गेला. चार गायी होत्या. कोपऱ्यात मशीनवर धुतलेलं पोतं नीट अंथरून ठेवलं होतं. आप्पांची बायको, वहिनी म्हणतो मी त्यांना, दाराशी येऊन बसल्या. रडून रडून आवाज बसला होता, पण बोलणं शांत होतं.

"दीड म्हैना हातानं धारा काढत व्हते," त्या म्हणाल्या. "खांदा दुखायचा. म्या म्हनलं, मी काढते दोन, तुमी काढा दोन. तर ऐकायचे न्हाईत."

आप्पा गेले ते बाजाराच्या वाटेवर, छातीत कळ येऊन. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हृदय आधीपासूनच थकलेलं होतं. मशीनचा त्यात काही संबंध नव्हता, असं सगळे म्हणाले. मीही तसंच म्हणतो, जागेपणी तरी.

"कंपनीला कळवलं नव्हतं का वहिनी?" हे मी विचारलं. वास्तविक न विचारता कामाला लागायला हवं होतं.

"कळवलं की. रोज सकाळी धारा झाल्या का फोन लावायचे. त्या पट्टीवर नंबर हाय ना, त्याच्यावर. वाजून वाजून बंद व्हायचा. संदीप म्हनायचा, आप्पा, फेसबुकवर टाकतो, उद्या गाडी यील. तर म्हनायचे, चारचौघात कुनाला बोल कशाला लावायचा? तिथं तांबोळीभाई बसत्यात. चांगला मानूस हाय. कामात आसंल, उचलंल."

मी पोतं काढत होतो. ते माझ्या हातात तसंच राहिलं.

आप्पांना मी कधी पाहिलं नव्हतं. पण आता आठवलं: दोन-तीन वर्षांपूर्वी एक आवाज यायचा, प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘बरं का भाई’ म्हणणारा. ठोके नीट झाले की लगेच फोन ठेवायचा नाही, आधी माझ्या गुडघ्याची चौकशी करायचा. हा त्यांचा आवाज होता.

"या बारीला काय उचललाच न्हाई त्यांनी," वहिनी म्हणाल्या. मग मलाच विचारलं, "सायेब, ते तांबोळीभाई हायत का आजून कंपनीत?"

बावीस वर्षं लोकांच्या तोंडावर खोटं बोलायची सवय होती, म्हणून अडखळलो नाही. "नाहीत," म्हणालो. "ते रिटायर झाले."

"मंग बरोबर," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच हायसं वाटल्यासारखं आलं. "म्हनून उचलला न्हाई. आप्पांनी त्यांना नावं ठिवली न्हाईत, त्ये बरंच झालं."

मी मान खाली घालून झाकण उघडलं. पंप चालू केला. दोन ठोके पडत होते आणि तिसरा गिळला जात होता. हवेच्या भोकात कचरा. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम, तेही फोनवरून होणारं. दीड महिन्यातल्या कुठल्याही एका सकाळी मी ड्रॉवर उघडला असता, तर म्हाताऱ्यानं खांदा चोळत चार गायी पिळल्या नसत्या. मला तिथं रडू आलं, आणि गोठ्यातल्या धुळीनं आलं असं दाखवायलाही कुणी जवळ नव्हतं, फक्त वहिनी होत्या.

दाभण मागितलं. भोक साफ केलं, झाकण लावलं आणि स्क्रू फिरवला. हात कामात असले की तोंड आपोआप चालतं. "अर्धा फेरा उजवीकडं," मी माझ्याशीच पुटपुटलो. "हां, आता ऐका."

टक-टक, टक-टक. साठ. गायींनी कान हलवले.

वहिनी दाराशी उठून उभ्या राहिल्या होत्या. आप्पा फोन मोठ्या आवाजात ठेवून मशीनजवळ धरायचे, तेव्हा त्या शेजारीच दाभण घेऊन उभ्या असायच्या. हे मला त्यांनी सांगितलं नाही. मला त्यांच्या बघण्यावरून कळलं. संदीपला हाक मारतील, ओरडतील, असं वाटलं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि आतून चहा आणून दिला.

मी चहा पिऊन गाडीकडं निघालो, तेव्हा त्या फाटकापर्यंत आल्या.

"भाई," त्या म्हणाल्या. दिवसभर सगळं गाव मला साहेब म्हणत होतं. "त्या तांबोळीभाईंची कवा गाठ पडली, तर त्यांना माझा येक निरोप सांगाल का?"

"सांगतो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

"त्यांना म्हनावं, आप्पांचा काय राग न्हवता. पन दुसऱ्या कुनाचा आला, तर उचलत जा."

मी सांगतो म्हणालो, आणि अजून सांगतोच आहे.